दुसऱ्या पेटीची चावी

आमच्या भागात माणूस दुखणं आण्यांत सांगतो. "काल सोळा आणे होतं, आज चार आणे फरक हाय," असं म्हणणारे पेशंट मी शिकत होते तेव्हापासून पाहत आले आहे. आणे बंद होऊन कैक वर्षं झाली. ज्यांनी आणा कधी डोळ्यानं पाहिला नाही अशी कॉलेजची पोरंसुद्धा आपली कंबर आण्यांतच मोजतात.

मी पालमला ॲम्ब्युलन्सवर डॉक्टर आहे. गाडीत आम्ही दोघंच, मागं मी आणि पुढं चालक. आमच्या खात्यात त्याला पायलट म्हणतात, मी मामा म्हणते. मामा पन्नाशी ओलांडलेले, राणीसावरगावकडचे. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग आणि कमरेला जाड पट्टा. आधी वीस वर्षं ट्रक चालवून त्यांचे मणके गेले होते. बोलणं कमी, जेवणाचा डबा मोठा. ठेचा आणला की अर्धा माझ्या डब्याच्या झाकणात पडायचा, न विचारता.

परभणीच्या एका हाडांच्या डॉक्टरांनी आम्हा ॲम्ब्युलन्सवाल्यांना एक काम दिलं, तिथून हे सगळं सुरू झालं. त्यांचा प्रश्न साधा होता. अपघातात हाड मोडलेल्या माणसाचं दुखणं वाटेत कोणत्या इंजेक्शननं जास्त कमी होतं? पहिलं डायक्लोफेनॅक, कमरेत द्यायचं, सगळ्या जगाला माहीत असलेलं. दुसरं ट्रामाडॉल, शिरेतून हळूहळू सोडायचं, जास्त ताकदीचं. दोन्ही आम्ही आधीपासून देतच होतो, पण कोणतं कधी द्यायचं याला काही नियम नव्हता. आता विषम तारखेला पहिलं आणि सम तारखेला दुसरं द्यायचं, पेशंटला नीट सांगून, आणि ज्याला एखादं चालत नसेल त्याला सोडून. फॉर्मवर दोन आकडे लिहायचे. एक इंजेक्शनच्या आधी, दुसरा दवाखान्याच्या दारात पेशंट उतरवताना. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. तीन महिन्यांनी हे फॉर्म पाहून दुसरं इंजेक्शन गाड्यांवर ठेवायचं की परत घ्यायचं हे ठरणार होतं.

परत घ्यावं असं पुष्कळांना वाटत होतं, कारण त्याची कटकट फार होती. नशेसाठी त्याचा गैरवापर होतो म्हणून त्याला वेगळी पेटी, पेटीला कुलूप, आणि प्रत्येक कुपीसाठी रजिस्टरवर दोघांच्या सह्या. चावी चालकाच्या केबिनमध्ये टांगलेली. म्हणजे डॉक्टरला एकटीला पेटी उघडता येऊ नये अशी सोय होती. सरकारचा माझ्यावर विश्वास नाही हे त्यात उघड होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं.

मला मात्र ती पेटी हवी होती. मांडीचं हाड मोडलेला माणूस आमच्या रस्त्यावरून नेताना कसा ओरडतो ते फॉर्म वाचणाऱ्यांना ठाऊक नसतं.

पहिल्याच आठवड्यात उसाच्या ट्रॉलीखाली पाय सापडलेला एक शेतकरी मिळाला. मी पेन काढून विचारलं, "काका, दहापैकी किती दुखतंय?"

"कशातलं धा?"

"दहा म्हणजे लय दुखणं."

त्यांनी माझ्या पेनकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं, गाडीवरच्या सरकारी चिन्हाकडं पाहिलं. नडगी मोडलेली, घामानं डबडबलेले, तरी डोक्यात हिशेब चालू. "तुमाला किती लिवायचंय तेवढं लिवा, म्याडम. मी जास्त सांगितलं तर नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात धाडताल."

"आण्यांत सांगा."

"आण्यांत व्हय? मंग चौदा."

तेव्हापासून मी आण्यांतच विचारू लागले आणि फॉर्मवर लिहिताना त्याचं दहात रूपांतर करू लागले.

हा हिशेब मला नवा नव्हता. माझे वडील तलाठी होते. पिकाची आणेवारी ठरवायला ते शिवारात फिरायचे तेव्हा कधीकधी मलाही न्यायचे. पीक किती आलं असं विचारलं, की कमरेएवढ्या सोयाबीनमध्ये उभा राहून माणूस म्हणायचा, "कुटं काय सायेब, सगळं गेलं." सरकारी कागद हातात घेऊन कुणी 'किती' विचारलं, की आमच्याकडचा माणूस आधी या उत्तराचं पुढं काय होईल ते बघतो. वडिलांनी मला एकच शिकवण दिली. पहिलं उत्तर लिहायचं नाही, पुन्हा विचारायचं आणि स्वतः शेतात जाऊन बघायचं. ते घरीही तसेच होते. दुधात पाणी आहे का, मी अभ्यास खरंच केला का, पाहुणा मुळात कशाला आलाय, सगळं दोनदा विचारून व्हायचं. आई वैतागायची. मी मात्र त्यांची लाडकी होते आणि त्यांचा हा स्वभाव मी जसाच्या तसा घेतला. लोक मला संशयी म्हणतात. म्हणोत बापडे.

म्हणून पेशंटचंही पहिलं उत्तर मी लिहीत नसे. म्हाताऱ्या बाया हात मोडून लोंबत असला तरी "काई न्हाई माय, जरासं" म्हणायच्या. मोटारसायकलवरून पडलेली तरणी पोरं सरळ सोळा आणे सांगायची, सुई लवकर मिळावी म्हणून. मी पुन्हा विचारायची, चेहरा बघायची, नाडी बघायची आणि मगच लिहायची. माझे फॉर्म खरे आहेत याचा मला अभिमान होता.

महिन्याभरानं ते फॉर्म मी समोर पसरले आणि मनात पाल चुकचुकली.

विषम तारखेचे पेशंट, म्हणजे साधं इंजेक्शन मिळालेले, आण्यांत सांगायचं तर चौदावरून दवाखान्याच्या दारात आठ-नऊवर आलेले होते. सम तारखेचे, ताकदीचं इंजेक्शन मिळालेले, चौदावरून बारा, तेरा. एक बाई तर जिथल्या तिथं. हे होऊच शकत नव्हतं. पुस्तकं सोडा, मी माझ्या हातानं ते औषध दवाखान्यात कितीदा दिलं होतं आणि दहा-पंधरा मिनिटांत कपाळावरच्या आठ्या जाताना पाहिल्या होत्या. कुठंतरी पाणी मुरत होतं.

आधी मी हाडांच्या डॉक्टरांवर संशय घेतला. त्यांना पेटी परत घ्यायचीच असेल, म्हणून हलका माल पाठवला असेल. मग औषधं पुरवणाऱ्यावर. मग शेजारच्या तालुक्यातल्या गाडीवरच्या डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, "आमच्याकडं दुसरं चांगलं काम करायलंय की." माल एकच, खोकं एकच. म्हणजे गडबड आमच्याच गाडीत होती. आमच्या गाडीत दोनच माणसं, आणि त्यातली एक मी.

एकदा नजर तिकडं वळली की मग काय, सगळंच दिसू लागलं. चावी मामांच्या केबिनमध्ये. मामांच्या जावयाचं पालमला औषधाचं दुकान. मामांची कंबर जन्माची दुखरी, पण अलीकडं ते दुपारचे गाडीत शांत डोळे मिटून बसायचे, जरा जास्तच शांत. डिस्टिल्ड वॉटरची कुपी दिसायला जवळपास तशीच असते. वरचं लेबल बदललं तर घाईत कोण बघतो? आणि सगळ्यांत मोठा पुरावा म्हणजे त्यांचा प्रश्न. पेशंट आत घेतला, इंजेक्शन दिलं, की मधल्या काचेतून मामा न चुकता विचारायचे, "म्याडम, कोणती दिली? पयली का दुसरी?"

तुम्हाला कशाला हवंय, असं माझ्या मनात यायचं. मी सांगायची आणि आरशात त्यांचा चेहरा बघायची. दुसरी म्हटलं की ते मान हलवायचे आणि गाडी सुसाट सोडायचे. मी त्याचाही अर्थ लावला. औषधाचा गुण येत नाही हे माझ्या लक्षात यायच्या आत त्यांना पेशंट दवाखान्यात टाकून मोकळं व्हायचं असणार.

मी सापळे लावायला सुरुवात केली. दुसऱ्या पेटीतल्या प्रत्येक कुपीच्या तळाशी नेलपॉलिशचा बारीक ठिपका दिला. ठिपके जागच्या जागी राहिले. मग वाटलं, मामांनी ठिपके पाहिले असतील, त्यांच्या सुनेकडंही नेलपॉलिश असेलच. रिकाम्या कुप्या मोजल्या, बरोबर भरल्या. मग वाटलं, हिशेब इतका बरोबर कसा? बाजाराच्या दिवशी जावयाच्या दुकानात जाऊन मी खोकल्याची बाटली घेतली आणि उगाच पाच मिनिटं फळ्यांवरून नजर फिरवली. जावई साळसूदपणे म्हणाला, "बसा ना म्याडम, च्या सांगतो." साळसूद हा शब्द माझा. तो बिचारा नुसता चहा सांगत होता.

या सगळ्या दिवसांत मामा डब्याच्या झाकणात ठेचा वाढत होते आणि मी तो खात होते. त्याची लाज मला तेव्हा वाटली नाही. तेव्हा मला रागच होता. सम तारखेला दवाखान्याच्या दारात बारा, तेरा आणे सांगणारा एकेक माणूस आठवायचा. माझ्या हातानं मी त्यांना पाणी टोचलं, या विचारानं झोप उडायची. तिसरा महिना लागला, फॉर्म जायची वेळ आली, तेव्हा मी परभणीच्या वरिष्ठांना पत्र लिहिलं. दुसऱ्या पेटीतल्या औषधाबद्दल आणि चावी ज्यांच्या ताब्यात असते त्या चालकाबद्दल मला शंका आहे, चौकशी व्हावी. खाली सही केली. निनावी लिहिण्याइतकी मी भित्री नाही, असंही तेव्हा मला वाटलं होतं.

पत्र पोचल्याला दोन दिवस झाले असतील. दुपारी राणीसावरगावच्या अलीकडं पुलाखाली मोटारसायकल गेल्याचा फोन आला. आम्ही पोचलो तर मोटारसायकलवाला वर येऊन बिडी ओढत बसला होता, त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. मी मात्र हे कळायच्या आत त्याला शोधत घाईनं उतारावरून खाली गेले. पाय दगडावरून सटकला आणि घोट्यात काडकन आवाज झाला. बघितलं तर पाऊल भलत्याच दिशेला होतं.

मामांनी त्या बिडीवाल्याच्या मदतीनं मला वर आणलं, स्ट्रेचरवर घातलं आणि गावातल्या आरोग्य केंद्रात नेऊन तिथल्या सिस्टरला गाडीत घेतलं. सिस्टर हुशार होती, पण मला बघून घाबरली होती. मी दात आवळून सांगत गेले आणि ती करत गेली. पायाला फळी बांधली, शिरेत सुई लावली. त्या दिवशी तारीख सम होती. मामांनी चावी आणून दिली, रजिस्टरवर सही केली. सिस्टरच्या हातातली कुपी मी मागून घेतली आणि उलटी करून पाहिली. तळाशी माझा ठिपका होता.

औषध आत गेलं. गाडी उभीच होती, सिस्टर आमच्या कागदांवर काहीतरी लिहीत होती. दहा मिनिटांत दुखणं ओसरायला लागलं. नाहीसं नाही झालं, पण सोळाचं सात-आठ झालं. डोकं जड झालं, जीभ सुस्तावली. पाणी नव्हतं ते. औषधच होतं, अस्सल, आणि पत्र तर गेलं होतं.

तेवढ्यात काचेतून आवाज आला. "सिस्टर, कोणती दिली? दुसरी?"

"दुसरी," सिस्टर म्हणाली.

आणि मामांनी गाडी दाबली.

त्यानंतर जे झालं ते मला आण्यांत सांगता येणार नाही. पहिल्या खड्ड्यात घोट्यातलं हाड हाडावर घासलं. दुसऱ्या खड्ड्यात मी स्ट्रेचरवरून उचलली गेले. मला ओरडायचं होतं, पण औषधानं तोंडातून आवाज निघत नव्हता, नुसतं कण्हणं, आणि तेही इंजिनापुढं कुणाला ऐकू जाणार? औषधानं दुखणं कमी केलं होतं, गाडी ते परत आणत होती, आणि औषधानंच माझी बोंबही दाबून ठेवली होती. सम तारखेचे माझे सगळे पेशंट मला त्या क्षणी आठवले. ते असेच गप्प पडलेले असायचे. मागं बसून मी सलाईन सांभाळत असायची, आदळण्याची मला सवय होती, आणि मला वाटायचं की ते शांत आहेत.

मी हात लांबवून काचेवर मूठ आपटली. गाडी थांबली, मामा धावत मागं आले.

"मामा," मी म्हणाले, "एवढी कामून पळवायलाव?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "दुसरी सुई दिली ना म्याडम तुमाला? दुसरीला माणूस वरडत न्हाई. त्येला काई कळत न्हाई म्हणून मी दाबतो, तेवढंच लवकर पोचतो. पयल्या सुईला माणूस वरडायला लागतो, मंग रेसवर माझा पायच पडत न्हाई. खड्डा बघून बघून नेतो."

म्हणजे ते रस्ता डोळ्यानं बघत होते आणि गाडी कानानं चालवत होते. म्हणून तर विचारायचे, कोणती दिली. साध्या इंजेक्शनच्या पेशंटला त्यांनी फुलासारखं नेलं होतं, ताकदीच्या इंजेक्शनवाल्याला त्याच्याच भल्यासाठी खडी भरल्यासारखं. माझे फॉर्म खरे होते. त्यांत दोन औषधांची तुलना मात्र कुठंच नव्हती, मामांचा पाय तेवढा लिहिलेला होता.

"कळतं मामा," मी म्हणाले. "सगळं कळतं. नुसतं वरडता येत न्हाई."

मामांचा चेहरा पडला. स्ट्रेचरची दांडी धरून ते नुसते उभे राहिले. ते मनात मोजत होते, मला दिसत होतं, किती जणांना आपण असं नेलं. मग हळूच म्हणाले, "आता किती हाय?"

"चार आणे," मी सांगितलं. बारा होतं. तेव्हा मला कळलं की त्या म्हाताऱ्या बाया जरासं, जरासं का म्हणतात.

गंगाखेडपर्यंत मामांनी गाडी अशी नेली की मध्येच एक सायकलवालासुद्धा पुढं निघून गेला. तिथून परभणीला हलवलं, ऑपरेशन झालं, घोट्यात स्टीलची पट्टी बसली. तिसऱ्या दिवशी मामा वॉर्डात आले, हातात डबा. त्या दिवशी त्यांची ड्युटी असायला हवी होती.

"मला गाडीवरून उतरवलंय," ते खुर्चीवर बसत म्हणाले. "कुणीतरी लिवलंय माझ्यावर. पेटीतलं औषध मी ईकतो म्हणून. म्याडम, तुमी रोज माझ्यासंगं असताव. तुमी सायबाला एक शब्द सांगा."

बोलायचं टाळता आलं असतं. तक्रार कुणी केली ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी साहेबांना फोन करून सगळं मिटवू शकले असते आणि ठेचा आयुष्यभर खाऊ शकले असते. पण ते माझ्याकडं इतक्या भरवशानं बघत होते की मला ते सहन होईना.

"मामा, मीच लिहिलं होतं."

त्यांनी डब्याचं झाकण उघडलेलं होतं. ते तसंच हातात राहिलं. मी भराभर सगळं सांगितलं. आकडे, ठिपके, जावयाचं दुकान, पत्र. मी चुकले असंही म्हणाले, दोनदा. पलीकडच्या खाटेवरची बाई कान देऊन ऐकत होती.

मामांनी झाकण परत डब्यावर दाबलं. मग म्हणाले, "पेशंटला तुमी दोन-दोनदा ईचारताव. मला एकदा ईचारायचं होतं."

डबा त्यांनी टेबलावर ठेवला आणि गेले. मला रडू आलं. घोट्यासाठी नव्हे. वडिलांनी सांगितलेलं मी सगळ्या जगाला लावलं होतं आणि रोज शेजारी जेवणाऱ्या माणसाचं पहिलं उत्तरसुद्धा घेतलं नव्हतं.

मी पडल्या पडल्या दुसरं पत्र लिहिलं, हाडांच्या डॉक्टरांनाही सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग गंभीर झाले आणि आमच्या गाडीचे फॉर्म त्यांनी बाद केले. दुसरी पेटी गाड्यांवर राहिली. आता कोणतंही इंजेक्शन दिलं तरी गाडी सारखीच हळू न्यायची, अशी सूचना सगळ्या चालकांना गेली आहे. चौकशीत एकही कुपी कमी निघाली नाही आणि मामा पंधरा दिवसांत कामावर परत आले.

माझं प्लास्टर निघाल्यावर मी पहिल्यांदा ड्युटीवर गेले, तर मामा गाडी पुसत होते. "या म्याडम," म्हणाले, नेहमीसारखं. पाय कसा आहे विचारलं. डब्यातला ठेचाही दिला. मला वाटलं, सरलं.

मग मागं चढले तर माझ्या बसायच्या जागेवर दुसऱ्या पेटीची चावी ठेवलेली होती. मी ती नेऊन त्यांच्या केबिनमधल्या खुंटीला टांगली. नियमच तसा आहे, म्हटलं. दुसऱ्या दिवशी चावी पुन्हा माझ्या जागेवर.

आता ते कोणती दिली असं विचारत नाहीत, सगळ्यांनाच जपून नेतात. जेवताना घरच्या गोष्टी सांगतात. पण रोज ड्युटी सुरू होताना मी ती चावी नेऊन त्यांच्या खुंटीला लावते आणि पेशंट घ्यायला निघायच्या आत ती माझ्या जागेवर परत आलेली असते.